मळ्यावर जेवायला जाताय? आधी वावर बघा

नाशिकच्या चारी बाजूंना ‘फार्म’ची पाटी लावलेली ठिकाणं आता इतकी झालीत की मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की पहिला प्रश्न तोच. गंगापूर रोडनं गिरणारे-दुगावकडे जा, मखमलाबादकडे वळा, दिंडोरी रोड धरा नाहीतर त्र्यंबक रोड. पुढं दुकान, मागं मळा, मध्ये चूल आणि चार टेबलं. दुकानात भाजी, फळं, तांदूळ, लोणची विकायला, आणि त्याच मालाचं जेवण. निदान म्हणणं तरी तसं असतं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. सासर नाशिकच्या इंदिरानगरात, म्हणजे आता मी पिशवी घेऊन जाणाऱ्यांत. अशा ठिकाणी जाताना मी काय बघते ते सांगते. जागांची नावं सांगणार नाही. चांगल्या जागेचं नाव फुटलं की पुढच्या हंगामात तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा, फोटो नंतर. द्राक्षं खायची तर जानेवारी ते एप्रिल, त्यातही फेब्रुवारी-मार्च. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण चार-साडेचार महिने माल तयार व्हायला लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेत खोडं आणि तारा, मेमध्ये नवी पालवी, घड एकही नाही. तरी मेच्या सुट्टीत ‘द्राक्षबागेत जेवण’ म्हणून लोक पोरंबाळं घेऊन येतात आणि पोरं विचारत बसतात, द्राक्षं कुठंयत? टोमॅटो ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत. गिरणाऱ्याच्या बाजूला त्या दिवसांत रस्त्यानं टोमॅटोच्या जाळ्यांनी (प्लास्टिकच्या क्रेटनी) भरलेल्या पिकअप दिसतात. पावसाळ्यात त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडे रानभाज्या. दिवाळीच्या पुढंमागं भात कापला जातो, मग नवा इंद्रायणी तांदूळ आणि नागली, म्हणजे नाचणी. थंडीत सिन्नर-येवल्याकडे हुरडा, सुरगाण्याकडे सापुताऱ्याच्या रस्त्याला स्ट्रॉबेरी. मेमध्ये करवंदं, जांभळं. एवढं डोक्यात असलं की समोरचा काय खरं बोलतोय ते निम्मं कळतं.

मग फोन करा. विचारायचं एवढंच, “दादा, उद्या जेवायला काय असेल?” उत्तर आलं, “सगळं मिळेल ताई, मेन्यू व्हॉट्सॲप करतो,” तर मी जात नाही. उत्तर आलं, “वांगी निघतील, मेथी आहे, भाकरी बाजरीची, बाकी सकाळी बघू,” तर लगेच किती माणसं ते सांगून टाकते. माणसं नक्की सांगा. चुलीवर भाकरी थापणारी एकच मावशी असते, आणि आठ सांगून चौदा गेलात तर पुढची भाकर येईपर्यंत भाजी गार होते. रविवार जमलं तर टाळा. रविवारी तिथली माणसं गर्दी सांभाळतात, बोलायला त्यांना वेळ नसतो.

भाजी सकाळी तोडतात, ऊन चढायच्या आत. म्हणून नऊ-साडेनऊला पोहोचा, जेवण दुपारी करा. मधला वेळ वावरात घालवा. खरी परीक्षा तिथंच होते. जेवणात वांग्याचं भरीत असेल तर वांग्याचा वाफा कुठंय ते विचारा. दाखवायला माणूस उठला की समजा ठीक आहे. “ते तिकडं लांब आहे,” म्हणाला तर तेही खरं असू शकतं, कारण पाणी एकीकडे, रस्ता दुसरीकडे, जमीन तुकड्यांत. पण मग त्याला लागवड कधीची, वाण कोणता, तोडा कितवा ते विचारा. वांगं लावणाऱ्याला तोडा कितवा ते तोंडपाठ असतं. विकत आणणाऱ्याला नसतं.

स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला एक नजर टाका. एका फार छान सजवलेल्या जागी, जिथं बैलगाडीवर बसून फोटो काढायची सोय होती, मागं गोठवलेल्या मटारच्या पिशव्या आणि पाकिटातलं पनीर होतं. मळ्यात मटार नव्हता, गोठा नव्हता. पण हेही खरं की तेल, साखर, चहा, तूरडाळ सगळीकडे बाहेरूनच येते आणि त्यात काही गैर नाही. मी मुद्दाम विचारते, “डाळ कुठली?” जो म्हणतो, “बाजारातनं आणली, आपल्याकडे तूर नाही,” त्याच्या भाजीवर माझा जास्त विश्वास बसतो.

थाळीत पदार्थ जितके कमी तितकं बरं. दोन भाज्या, भाकरी, पिठलं किंवा आमटी, दही, ठेचा, कांदा. चौदा वाट्यांची थाळी एका मळ्यातून निघत नाही. त्र्यंबक-पेठेच्या बाजूला असाल तर नागलीची भाकर आणि उडदाची डाळ मागा. मेन्यूवर लिहिलेली नसली तरी घरात शिजलेली असते. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, करटोली, भारंगी मिळतात. शेवळं मात्र अशाच ठिकाणी खा जिथं रांधणारी बाई त्याच भागातली आहे. काकडं (एक आंबट रानफळ) किंवा चिंच घालून नीट केली नाहीत तर घसा खाजून हैराण होतो माणूस.

आणि मिसळ. मखमलाबाद-गंगापूर रोडला मळ्यातल्या मिसळीसाठी सकाळी सातपासून रांगा लागतात, मीही लागते. झाडाखाली बसून, चुलीवरची, वर पापड आणि शेजारी दही. पण ती मळ्याच्या मालाची परीक्षा नव्हे. फरसाण वावरात उगवत नाही.

हुरड्याला जाणार असाल तर जरा जास्त चौकस व्हा, कारण हुरड्याच्या नावाखाली काहीही खपतं. आगटीत गोवऱ्यांचे निखारे हवेत, गॅसची शेगडी नको. कणसं निखाऱ्यात भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हातातून हातात. चोळून ठेवलेला, ताटात गार झालेला हुरडा खाण्यात मजा नाही. दाणा नखानं दाबून बघा: दूध उडालं तर कोवळा, टणक लागला तर ज्वारी झाली. मधला, मऊ आणि चिकट, तो खरा. सुरती, गूळभेंडी ही हुरड्याची नावाजलेली वाणं. कोणतं आहे ते विचारा. बरोबर शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, गूळ, दही, बोरं. एवढं असलं की डीजे कशाला लागतो ते मला अजून कळलेलं नाही.

आता द्राक्षं, माझा विषय. दुकानात चाखायला म्हणून घडाच्या वरचा मणी तोडून देतात. तो गोडच असतो. घड वरून खाली पिकतो, म्हणून तुम्ही अगदी तळाचा, टोकाचा मणी मागा. तो गोड लागला तर सगळा घड गोड. तो आंबट असेल आणि समोरचा म्हणाला, “दोन दिवस घरी ठेवा, पिकेल,” तर हसून पुढं व्हा. आंबा पिकतो, केळं पिकतं, द्राक्ष वेलीवरनं तोडल्यावर पिकत नाही, नुसतं सुकतं. देठ हिरवा हवा. तपकिरी, वाळका देठ म्हणजे माल जुना. मण्यावरची पांढुरकी लव बघून औषध समजून घाबरू नका. ती सालीवरची नैसर्गिक मेणासारखी परत असते, बोटानं सारखी पुसली जाते. औषधाचे डाग ठिपक्या-ठिपक्यांचे, ओघळल्यासारखे दिसतात. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, काळं शरद हे सगळे वेगळे लागतात; एक-एक मणी चाखून मगच पेटी बांधायला सांगा.

औषधांबद्दल विचारायला लाजू नका, पण विचारायची रीत आहे. “केमिकल मारता का?” असं विचारलं की माणूस आखडतो. “शेवटचं औषध कधी मारलं, आणि त्याला किती दिवस थांबायचं असतं?” असं विचारा. कीडनाशकाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते दिलेलं असतं, आणि चांगला बागायतदार ते पाळतो. निर्यातीच्या बागेचा नमुना तर प्रयोगशाळेत तपासूनच माल निघतो. आमच्याकडे दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं रात्री फवारणीचे ब्लोअर चालायचे, वडील पहाटे घरी यायचे. त्यामुळे ‘आमच्या द्राक्षाला काहीच मारत नाही’ हे वाक्य मी पटकन गिळत नाही. करणारे आहेत, पण ते कसं करतात हे सांगताना त्यांची अर्धा तास टकळी थांबत नाही.

‘रेसिड्यू फ्री’ आणि ‘सेंद्रिय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात औषध वापरलेलं असू शकतं, पण फळात त्याचा अंश मर्यादेच्या आत असतो. दुसऱ्यात रासायनिक खत-औषध वापरायचंच नाही. सेंद्रियचं प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या एनपीओपी कार्यक्रमाचं असतं किंवा शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची शेतं तपासून दिलेलं पीजीएस असतं; पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह दिसतं. एनपीओपीत हंगामी पिकाला दोन आणि द्राक्ष-डाळिंबासारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षं बदलाच्या काळात काढावी लागतात. “गेल्या वर्षापासून सेंद्रिय केलंय,” म्हणणारा खोटारडा नसतो, वाटेवर असतो. त्याचा माल जरूर घ्या, फक्त प्रमाणित मालाचा भाव देऊ नका.

वावरात वागायचं कसं, तेही सांगून टाकते. घडाला हात लावू नका. लव पुसली गेली की व्यापारी तोच घड बाजूला काढतो. मांडवाच्या तारा खाली असतात, उंच माणसांनी डोकं सांभाळा. पोरांना ठिबकच्या नळ्यांवर नाचू देऊ नका. फाटक जसं होतं तसं लावून या. तोडायचं झालं तर विचारून, आणि तोडलेलं घ्यायचंच.

खरेदीच्या भावाचं म्हणाल तर, मळ्यावर स्वस्त मिळतं हा गैरसमज डोक्यातून काढा. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, तेव्हापासून शेतकऱ्यांना थेट विकणं सोपं झालं. पण थेट विकायचं तर निवडणं, धुणं, बांधणं, दुकानात दिवसभर माणूस बसवणं, सगळं त्याच्याच अंगावर येतं. तुम्ही जो भाव देता तो आडतीच्या भावापेक्षा जास्त आणि मॉलपेक्षा थोडा कमी असावा, एवढीच अपेक्षा ठेवा. ‘पिंपळगावला तर आज टोमॅटोची जाळी इतक्याला गेली’ हे त्याला सांगू नका. त्याला ते तुमच्या आधी कळलेलं असतं आणि ते ऐकून त्याची झोप उडालेली असते.

कांदा घेताना हंगाम विचारा. थंडीतला लाल कांदा चवीला छान पण टिकत नाही, पंधरा दिवसांचाच घ्या. वर्षाचा साठा करायचा तर एप्रिल-मेमधला उन्हाळ कांदा. मान बारीक आणि पूर्ण वाळलेली हवी, दाबल्यावर घट्ट लागायला हवा. जाड मानेचा कांदा आधी सडतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो. कांदा साठवायच्या चाळीत हवा खेळती राहते म्हणून तिथं कांदा महिनोन्‌महिने राहतो. घरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलात तर राहणार नाही.

लोणचं, जॅम, मनुका अशा बंद मालावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा आकडी क्रमांक आणि तारीख बघा. मध थंडीत तळाला साखरेसारखा गोठलेला दिसला तर भेसळ समजून परत करू नका, मध गोठतोच.

बरोबर कापडी पिशव्या, द्राक्षांसाठी एखादा पुठ्ठ्याचा खोका आणि सुटे पैसे ठेवा. गिरणाऱ्याच्या पुढं गेलात की नेटवर्क कधी पळून जाईल सांगता येत नाही, आणि क्यूआर कोडसमोर मोबाइल वर धरून उभं राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

घरी आल्यावर पालेभाजी त्याच संध्याकाळी करा. टोमॅटो फ्रिजबाहेर, देठाकडची बाजू खाली. द्राक्षं न धुता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये, खायच्या वेळी मिठाच्या पाण्यात ठेवून मग साध्या पाण्यानं धुवा. आणि नवा इंद्रायणी आणला असेल तर कुकरला रोजच्यापेक्षा पाणी कमी घाला, नाहीतर भाताऐवजी पेज वाढावी लागेल.