परसातली मातीची भट्टी

पाव भाजायची मातीची भट्टी घालायची तर दिवाळीनंतर. भात झोडून झालेलं असतं, पेंढा-तूस फुकट मिळतं आणि पुढचा पाऊस लांब असतो.

बुडाला जांभ्याचे चिरे कमरेइतके रचले, पोटात दगडगोटे भरले. वर चार बोटं वाळू आणि त्यावर भाजक्या विटा, सिमेंटशिवाय. हात फिरवून बघा. विटेची धार हाताला लागली, तर उलथणंही दर वेळी तिथेच अडणार.

विटांवर ओल्या वाळूचा घुमट थापा: 27 इंच रुंद, 16 इंच उंच. त्यावर ओला वर्तमानपत्राचा कागद चिकटवा, म्हणजे नंतर वाळू उकरताना कुठे थांबायचं ते कळतं.

आता माती. आमची अंगणातली तांबडी भरभरीत, तिचा उपयोग नाही. शेतातली चिकण घ्या, नाहीतर वारुळाची. पण रिकामं वारूळ बघा. राबतं मोडलं तर आई आजही मला जेवायला वाढणार नाही. भिजवून करंगळीएवढी वळी करा. बोटाभोवती वाकवून तुटली नाही, तर माती चांगली. एक घमेलं मातीला दोन घमेली वाळू घालून पायांनी तुडवा. गोळा कमरेच्या उंचीवरून टाका: फुटला तर पाणी कमी, पसरला तर जास्त.

पहिला थर चार बोटं जाड, बिनपेंढ्याचा. दुसऱ्या दिवशी वर तूस कालवलेल्या पातळ चिखलाचा थर द्या, धग तोच धरून ठेवतो. दार 10 इंच उंच कापा. याहून मोठं केलं तर उष्णता निघून जाते, लहान केलं तर विस्तव घुसमटतो. धुराडं लागत नाही. दाराच्या खालून हवा आत जाते, वरून धूर बाहेर येतो.

माती आवळली की वाळू उकरून काढा आणि मग थांबा. मी पहिल्या वेळी थांबलो नाही. आठव्याच दिवशी मोठा जाळ केला आणि दारापासून टाळूपर्यंत भेग गेली, बोट जाईल एवढी. आता तीन आठवडे सावलीत वाळवतो, मग आठवडाभर रोज तासभर दोन काटक्या आणि नारळाची सोडणं जाळतो. बारीक भेगा पडतातच, त्याच मातीने बुजवायच्या.

पावासाठी तीन तास जाळ हवा. आतली काजळी जळून भिंत पांढुरकी झाली की निखारे ओढून काढा, ओलं फडकं फिरवा. चिमूटभर पीठ टाका. लगेच काळं पडलं तर दहा मिनिटं थांबा.

वर कौलांचं छप्पर हवंच, माडाच्या झापांचं नको. ठिणगी उडते.