आयल ऑफ वाइटला जाताना गाडी मागेच ठेवा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या या बेटावर गाडी फेरीतून न्यायची म्हटली, तर सुट्टीच्या हंगामात भाडं चांगलंच झोंबतं. त्यापेक्षा पोर्ट्समथच्या साउथसी किनाऱ्यावरून हॉवरक्राफ्टने निघा. साधारण 10 मिनिटांत बेटावरच्या राइड या गावी पोहोचता. तिथून शँकलिनपर्यंत धावते ती लंडनच्या भुयारी रेल्वेतून निवृत्त झालेल्या डब्यांची गाडी. बाकीच्या बेटावर बस आहे.

पहिला अर्धा दिवस ऑस्बोर्न हाउसला द्या. व्हिक्टोरिया राणीचं हे घर. 1901 मध्ये ती इथेच वारली. बाकीची दालनं भराभर बघितली तरी चालेल, पण दरबार हॉलमध्ये रेंगाळाच. 1890 च्या सुमारास लाहोरच्या भाई रामसिंग यांनी त्याचं नक्षीकाम आखलं. शेकोटीवरचा मोर नीट पाहा, मग मान वर करून छत. बाहेरच्या मार्गिकेत स्वोबोडा या चित्रकाराने रंगवलेले भारतीय कारागीर भिंतीवरून तुमच्याकडे बघत असतात. मला ती चित्रं राणीच्या सगळ्या थाटमाटापेक्षा सरस वाटतात.

मुलं बरोबर असतील तर कॉम्प्टन बेला हॅनोव्हर पॉइंटवर डायनासोरच्या पावलांचे ठसे शोधा. ते ओहोटीलाच दिसतात, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा आणि कड्याच्या अगदी खाली उभे राहू नका, दरड कोसळते. ॲलम बेची रंगीत वाळू आणि नीडल्सचे सुळके बघायला खुर्ची-पाळणा आहे, पण हिवाळ्यात तो बंद असतो.