जुनं तांबं-पितळ: काय घासायचं, काय राहू द्यायचं

माळ्यावरून जुनं घंगाळ किंवा बंब खाली आला की पहिला हात चिंचेकडे जातो. तो आवरा. तांब्यावर वर्षानुवर्षांत चढलेला तपकिरी-काळपट थर म्हणजे त्या धातूचाच ऑक्साइड. तो भांड्याला घट्ट धरून बसतो आणि खालचा धातू सांभाळतो. लखलखीत भांडी बाजारात हवी तेवढी मिळतात, ही झाक मिळत नाही.

आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. असं भांडं घासलं की मुलामा जातो.

मग कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण घेऊन मऊ फडक्याने धूळ काढा. मठारकाम असेल तर तारेची घासणी अजिबात नको. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर हातोडीने एकेक ठोका देऊन ती नक्षी उठवतात. ती एकदा झिजली की गेली.

आता हिरवा रंग उजेडात नीट बघा, कारण खरा निर्णय इथे होतो. बांबूची काडी हलकेच फिरवा. गडद, कडक, गुळगुळीत थर हलला नाही तर राहू द्या. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र धातू खाल्ला जातोय. कोकण किनाऱ्यावर हे जास्त दिसतं: खाऱ्या हवेतलं क्लोराइड आणि दमटपणा मिळून तांबं पोखरत राहतात. नाकाला रुमाल बांधून ती भुकटी कोरड्या ब्रशने काढा, भांडं धुऊन उन्हात पूर्ण वाळवा आणि कोरड्या जागी ठेवा. जुनी मूर्ती किंवा कोरीव लेख असलेली वस्तू असेल तर हे घरी करू नका, जाणकार संवर्धकाला दाखवा.

पिण्याच्या पाण्याचं भांडं आतून स्वच्छच हवं. लिंबू-मीठ लावा, चोळा, लगेच धुवा. पितळ आंबटात भिजत ठेवलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि लालसर डाग पडतात.

शोभेच्या वस्तूला शेवटी मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या.

पितळेत स्वयंपाक करायचा तर आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, हवीच. पण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, भांडं भट्टीवर तापवावं लागतं आणि बाहेरचा रंगही बदलतो. म्हणून ज्याची झाक जपायची, ते भांडं स्वयंपाकाला काढू नका.