जहाजावरचा जुना शॉर्टवेव्ह संच नाशिकमध्ये वापरात आणण्यापूर्वीची तयारी

गुजरातमधील अलंगच्या किंवा मुंबईतील दारूखान्याच्या जहाजतोडणीतून सुटलेले मरीन एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे लहरीची एकच बाजू वापरणारे) संच अधूनमधून विक्रीला येतात. दीडशे वॅटपर्यंत शक्ती देणारे आणि जाड ॲल्युमिनिअमच्या हीटसिंकवर बांधलेले हे ट्रान्सीव्हर (प्रक्षेपण आणि ग्रहण दोन्ही करणारे संच) दीर्घकाळ टिकण्यासाठीच घडवलेले असल्याने त्यांच्यावर मेहनत घेणे हौशी रेडिओचालकाला निश्चित परवडते. मात्र खारे पाणी ही त्यांची अर्थिंग, बोटीची बॅटरी हा त्यांचा वीजपुरवठा आणि ठरावीक चॅनेल ही त्यांची हद्द असते. यांपैकी काहीच नाशिकमध्ये उपलब्ध नाही, म्हणून तयारीचा मोठा भाग या तीन गोष्टी जमिनीवर उभ्या करण्याचा आहे.

सर्वप्रथम परवाना. हौशी केंद्राचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखेकडून मिळतो आणि तो हाती येईपर्यंत संच विकत घेण्याची घाई करू नये. एकदा अंतर्गत बदल केले की त्या संचाची सागरी मान्यता उरत नाही. तो पुढे कोणी जहाजावर बसवू नये, यासाठी केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी.

वीज जोडण्याआधी झाकण काढून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवावे. सर्किट आकृती हाती नसेल तर पुढचे काम सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढरा किंवा हिरवट क्षार दिसेल तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरावा. रिलेचे संपर्क आणि कनेक्टरच्या पिना विशेष काळजीने तपासाव्यात, कारण खाऱ्या हवेचा परिणाम तिथे आधी होतो. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना १०५ अंश सेल्सिअसचे घ्यावेत. जुन्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना अत्यंत घातक असते. ते ट्रान्झिस्टर घासू नयेत, फोडू नयेत. काही संचांत चॅनेलची माहिती लिथियम बॅटरीवर टिकून राहते, तेव्हा ती काढण्यापूर्वी सर्व नोंदी कागदावर उतरवून घ्याव्यात.

वीजपुरवठा १३.६ व्होल्टचा आणि ३० अँपिअर सलग देऊ शकणारा हवा. तीन मीटर लांबीची, सहा चौरस मिलिमीटर तांब्याची दुहेरी केबल वापरली तर जाण्यायेण्याच्या सहा मीटर तारेत ३० अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट गळतो. बोलताना आवाज फाटण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून दहा चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी, ती शक्य तितकी आखूड ठेवावी आणि दोन्ही तारांत फ्यूज बसवावा.

वारंवारतेची तपासणी अँटेना जोडून केवळ ऐकूनच करावी. चीनचे बीपीएम हे वेळसंकेत केंद्र १० मेगाहर्ट्झवर असते. संच अर्धा तास तापू द्यावा, अपर साइडबँडवर (वाहक, म्हणजे आवाज वाहणाऱ्या लहरीच्या वरच्या बाजूवर) ९९९९ किलोहर्ट्झ लावावेत आणि येणारा सूर १००० हर्ट्झपासून किती सरकला आहे ते मोबाइलवरील स्पेक्ट्रम ॲपमध्ये पाहावे. सागरी तक्ते वाचताना एक बाब ध्यानात ठेवावी, ती म्हणजे नेमून दिलेली वारंवारता वाहक लहरीपेक्षा १.४ किलोहर्ट्झने वर असते; २१८२ किलोहर्ट्झच्या वाहकासाठी ती २१८३.४ होते.

यानंतर खरा बदल. सागरी एसएसबी सर्वत्र अपर साइडबँडवर चालते, तर हौशी चालक १० मेगाहर्ट्झखाली लोअर साइडबँड (खालची बाजू) वापरतात. संचात ती सोय दडलेली आहे की वाहक ऑसिलेटरचा क्रिस्टल बदलावा लागेल, हे आकृतीवरूनच ठरवावे. प्रक्षेपणाची हद्द उघडण्यासाठी एखादा डायोड काढणे पुरेसे असले, तरी काम तिथे संपत नाही. आउटपुटचे लो-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या वरच्या लहरी अडवणारे) सागरी पट्ट्यांनुसार विभागलेले असतात. ३.६ मेगाहर्ट्झचे प्रक्षेपण चुकून आठ मेगाहर्ट्झपर्यंत मोकळ्या असलेल्या फिल्टरमधून गेले, तर त्याची दुसरी हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेची नको असलेली लहर) ७.२ मेगाहर्ट्झवर जवळपास अडथळ्याविना बाहेर पडेल. म्हणून प्रत्येक हौशी पट्ट्यावर, डमी लोड (अँटेनेऐवजी शक्ती जिरवणारा रोध) आणि योग्य ॲटेन्युएटर (संकेत क्षीण करणारा भाग) लावून, हार्मोनिक मूळ लहरीपेक्षा किमान ५० डेसिबलने खाली आहे याची खात्री करावी. ज्या पट्ट्यावर तशी खात्री होत नाही, तो बंद ठेवावा. सागरी पट्ट्यांवरचे, विशेषतः २१८२ किलोहर्ट्झ या आपत्कालीन वारंवारतेवरचे प्रक्षेपण प्रोग्रॅमिंगमध्येच बंद करावे.

अर्थिंगचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. बोटीवरचा ट्यूनर (अँटेना संचाशी जुळवणारे यंत्र) आणि उभी अँटेना समुद्राच्या पाण्याच्या आधारावर काम करतात. नाशिकची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम व कातळ लागतो. तिथे ठोकलेला एक रॉड समुद्राची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे उभ्या अँटेनेऐवजी ७.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल (दोन समान तारांची आडवी अँटेना), मध्यभागी बॅलनसह (केबल आणि दोन तारा जुळवणारा भाग), आठ ते दहा मीटर उंचीवर टांगावा, असे मी सुचवतो. इतक्या उंचीवर लहर बरीचशी सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून खाली परतते, आणि दिवसा परिस्थिती अनुकूल असेल तर सह्याद्रीच्या आडोशाची पर्वा न करता मुंबई-पुणे सहज साधतात. ट्यूनरसह तारच वापरायची असेल तर जमिनीवर अनेक रेडियल (अँटेनेच्या तळापासून चहूकडे जाणाऱ्या तारा) पसरावेत. रॉडची अर्थिंग तरीही हवीच, परंतु ती सुरक्षेसाठी.

अँटेना उभी राहिली की घराचा मेन स्विच बंद करून, संच बॅटरीवर चालवून गोंगाट ऐकावा. सोलर इन्व्हर्टर, एलईडी दिवे आणि द्राक्षबागांतील पंपांची यंत्रणा यांचा वाटा त्यातून वेगळा कळतो. वळिवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात, विजेच्या धोक्यामुळे, कोॲक्स (अँटेनेची केबल) घराबाहेरच सोडवून ठेवता येईल अशी जोडणी आधीच करावी. पहिले प्रक्षेपण डमी लोडवर दहा वॅटने करावे. प्रवाह आणि हीटसिंकचे तापमान पाहत शक्ती हळूहळू वाढवावी, आणि त्यानंतरच डायपोल जोडून एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळते हे दाखवणारे प्रमाण) मोजावा.