सीट बसली नाही, पण पैसे परत आले

पुणे-महाबळेश्वर एका दमात केलं की माझी कंबर बोलायला लागते. म्हणून माझ्या २०२२ च्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मोटरसायकलसाठी ऑनलाइन रुंद टूरिंग सीट मागवली. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सर्व क्लासिकला बसेल'. बसेना! सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या नव्या क्लासिकची चेसिसच (गाडीचा सांगाडा) वेगळी, आणि हातात आलेली सीट जुन्या मॉडेलची. बोल्टची भोकं चांगली बोटभर पुढे.

"ड्रिल मारा, बसेल," विक्रेत्याकडचा फोनवरचा दादा म्हणाला. नशीब, मारलं नाही. एक भोक पाडलं असतं तरी ती सीट कायमची माझ्याच गळ्यात पडली असती.

नंतर सीट परत घ्या म्हटलं, तर 'अॅक्सेसरीज परत घेत नाही' असं उत्तर आलं. मग ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम वाचले. जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि भोकांजवळ मोजपट्टी धरून काढलेला फोटो जोडून, नियमाचा उल्लेख करून मेल टाकला. शिवाय १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नवव्या दिवशी पिकअपवाला दारात! खोका फेकला नव्हता, हे बायकोचं शहाणपण.

कंबरेचं काय? नाना पेठेतल्या एका कारागिराकडे मूळ सीटचाच फोम बदलून घेतला. आधी बसून बघितलं, मगच कव्हर शिवू दिलं.