खेळाच्या पुस्तकात चित्र कशाचं काढायचं

मी टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचं पुस्तक केलंय, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक जण एकेक पात्र होतो आणि बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे नेतो, त्या खेळाचं. त्यातलं टेबलावर सगळ्यात जास्त चाललेलं चित्र चपलांचं आहे. हातभर लांब चामड्याच्या चपला, पायरीवर काढून ठेवलेल्या, टाचेकडे झिजलेल्या, कडांना ओली वाळू. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला अशा मोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, ही तिथली श्रद्धा. मालवणात आमच्या पडवीत पाच जण फासे घेऊन बसले होते. मी एक ओळही वाचायच्या आधी धाकट्या मावसभावाने पान स्वतःकडे ओढलं. "ताय, ह्यो चपलो कोणाच्यो?" शेजारचा म्हणाला, वाळू ओली आहे, म्हणजे आत्ताच येऊन गेलाय. दोघं उठून बसले. सेशन तिथेच सुरू झालं.

असं पुस्तक स्वतः करणार असाल तर प्रत्येक चित्राला हीच कसोटी लावा: ते बघून खेळणाऱ्याच्या तोंडून प्रश्न निघतो का? राखणदाराचं अक्राळविक्राळ रूप मी काढलं असतं तर सगळे "भारी!" म्हणाले असते आणि पान उलटलं असतं. शिवाय ज्याला गाव हात जोडतं त्याला मी राक्षस म्हणून काढणार नाही, त्याला मारायला किती घाव लागतील याचे आकडे तर नाहीच नाही. त्याच्या येण्याजाण्याच्या खुणा काढा. त्या पुरतात.

मुखपृष्ठाला सगळ्यात जास्त वेळ द्या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळाच्या 1978 च्या 'प्लेयर्स हँडबुक' या नियमपुस्तकाचं मुखपृष्ठ डेव्हिड ट्रॅम्पियरने केलं होतं. ते शोधून नीट पाहा. प्रचंड मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न दोन चोर उचकटताहेत. खाली लढाई आटोपलीय, मेलेले सरडेमानव ओढून नेले जाताहेत, एक जण तलवार पुसतोय. कुणी आपल्याकडे बघून पोझ देत नाही, जो तो कामात आहे. या खेळात काय करायचं असतं हे नियम न वाचता कळतं. माझ्या पहिल्या पुस्तिकेवर मी मालवणच्या किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग रंगवला होता, मावळतीच्या उजेडात. मन लावून रंगवला होता. स्टॉलवर लोकांनी ती पर्यटनाची माहितीपुस्तिका समजून चाळली आणि खाली ठेवली. दुसऱ्या आवृत्तीला रात्र घेतली. ओहोटी, गुडघाभर चिखल, होडीकडे पेटी वाहून नेणारे तिघे, आणि त्यातल्या एकीने कंदिलावर धरलेला हात, बोटांच्या फटीतून येणारा उजेड. आता लोक पहिलं विचारतात, पेटीत काय आहे.

चित्रकार आणि लिहिणारा वेगळे असाल तर मजकूर संपेपर्यंत चित्रकाराला थांबवू नका. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी रचलेल्या 1991 च्या 'डार्क सन' या काल्पनिक जगात चित्रकार ब्रॉमची चित्रं अनेकदा मजकुराच्या आधी तयार असायची आणि लेखक त्यातली माणसं, कल्पना जगात ओवून घ्यायचे. म्हणून ते जग एका हातचं वाटतं. पाच चित्रकारांची दहा चांगली चित्रं गोळा करण्यापेक्षा एकाच्या हातची सहा घ्या.

चित्र पानावर कुठे बसवायचं, हे मला कुडाळजवळच्या पिंगुळीत उमगलं. तिथले ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर उभं करतात, गातात, कथा सांगतात, मग पुढचं चित्र. माणसं बहुतेक एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे, कोण कुणाशी बोलतंय ते लांबून कळतं. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, हेच तर करतो. म्हणून जे चित्र खेळणाऱ्यांना दाखवायचं ते अख्ख्या पानावर घ्या आणि त्याच्या शेजारी गुपित लिहू नका, नाहीतर मास्टरला अर्धं पान तळहाताने झाकून पुस्तक फिरवावं लागतं. पिंगुळीची शैली आवडली तर इंटरनेटवरून उचलू नका. तिथे जा. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली, त्यांच्या घराने कला आंगण हे संग्रहालय उभं केलंय. तिथल्या कलाकारांकडून चित्र करून घ्या, पैसे द्या आणि आतल्या पानावर नाव छापा.

नकाशा हेही चित्रच. आमच्या खाडीचे मी दोन नकाशे दिले, भरतीचा आणि ओहोटीचा, समोरासमोरच्या पानांवर. भरतीत नुसतं पाणी आणि तिवरं. ओहोटीत त्याच जागी वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावरून पलीकडे जाणारी पावलं दिसतात. साधारण सहा तासांनी पाणी फिरतं हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. त्यांनी लगेच बोटांवर मोजत हिशेब मांडला.

छपाईचं थोडक्यात. चित्रं 300 डीपीआयची, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांची ठेवा आणि रंग आधीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, बदलून बघा. मी ते न करता फाइल दिली तेव्हा कंदिलाभोवतीचा निळा अंधार नुसता काळा डबरा होऊन आला, तिघांपैकी एक माणूसच गायब. कडेने 3 मिमी ब्लीड सोडा, म्हणजे पान कापायच्या रेषेबाहेर चित्र तेवढं वाढवा. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर छापू नका. कागद दमट होतो, पानं लाटांसारखी वळतात, अख्ख्या पानाच्या गडद चित्रावर तर ते लगेच दिसतं.

छापण्याआधी एक नमुना प्रत काढा आणि खेळ माहीत नसलेल्या पोराच्या हातात द्या. काही सांगू नका. ते पानं उलटत जाईल. कुठे थांबतं, कुठे बोट ठेवतं, ते लिहून घ्या. माझ्या नमुन्यात अकरा चित्रं होती, भाची चार ठिकाणी थांबली. उरलेल्या सातांपैकी पाच मी काढून टाकली आणि दोन पुन्हा काढायला बसले.