इंजिनला आंघोळ घालू नका, अंग पुसून द्या : बॉनेटखालची सफाई करताना या चुका टाळा

खंडेनवमीच्या संध्याकाळी मी अंगणात पाइप लावून गाडीचं इंजिन यथेच्छ धुतलं. दसऱ्याला सकाळी गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, घरचे सगळे नवे कपडे घालून बसले. रूपाभवानीच्या देवळात जायचं म्हणून चावी फिरवली, तर गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरायला लागली आणि समोर पिवळा दिवा लुकलुकू लागला. शेवटी रिक्षा केली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी एका कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बोल्ट काढला, खाली टॉर्च धरला आणि मला वाकून बघायला लावलं. प्लगच्या खड्ड्यात बोटभर पाणी साचलं होतं.

"काय ओ सर, इंजनला आंघोळ घालत्यात व्हय? अंग पुसून घ्यायचं असतंय त्याचं."

तेव्हापासून मी पुसतोच. आपल्या सोलापुरात बॉनेट उघडलं की दिसते ती बहुतेक कोरडी धूळ. अक्कलकोट रस्त्याला, होटगी रस्त्याला रोज ये-जा असेल तर आठवड्यात करड्या पिठाचा थर बसतो. धूळ कोरडी आहे तोवर मऊ ब्रशने झटकली की निघते. तिच्यावर पाणी मारलं की काळ्या मातीचा चिखल होतो आणि तो वायरींच्या सांध्यांत, क्लिपांच्या खाचांत जाऊन बसतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात त्यावर दोन-चार बादल्या ओतायच्या हे वेगळंच. मला अर्धी बादली पुरते, तीही उरते.

पहिली चूक वेळेची. ऑफिसहून आलो, हात तसेही मळलेत, चला इंजिन करून टाकू. चालून आलेल्या इंजिनातलं कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं आणि एक्झॉस्टचा भाग त्याहून कितीतरी तापलेला असतो. त्यावर गार पाणी पडलं तर वाफ तोंडावर येते, आणि तापलेल्या सेन्सरला तडा जाऊ शकतो. शाम्पू लावावा तर तो पुसायच्या आत वाळून डाग धरतो. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना उघडायचंच नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी उन्हात उभ्या गाडीचं बॉनेटसुद्धा चटका देतं. म्हणून सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर काम करा. चावी खिशात ठेवा. काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, त्यामुळे बोटं आणि ओढणी त्याच्यापासून लांब. अंगठी-कडं काढून ठेवा, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला की ठिणगी उडते.

दुसरी चूक प्रेशरची. वॉशिंग सेंटरवाल्यासारखी जोरदार धार घरी मारायची हौस अनेकांना असते. त्या धारेने रेडिएटरच्या पातळ पात्या वाकतात, एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी आत जातं, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि फ्यूज बॉक्स भिजतात. तुमचे कनेक्टर पावसाच्या शिंतोड्यांसाठी बनवलेले असतात, तोफेसाठी नाही. एखादा भाग ओला करायचाच असेल तर एअर फिल्टरचं तोंड, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कॉइल यांच्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या रबरबँडने बांधा. आणि पिशव्या मोजा. हसू नका, मी तळहातावर पेनने आकडा लिहितो. विसरलेली पिशवी एक्झॉस्टला चिकटली की जळक्या वासाने अख्खी गल्ली बाहेर येते. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर केशरी वायरींना हात लावू नका. सीएनजी असेल तर पाइप आणि त्याचे नट पुसा, सैल-घट्ट करू नका.

आता रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल. गॅरेजमध्ये डिझेल फवारून इंजिन चकाचक झालेलं आपण सगळ्यांनीच बघितलंय. ती चकाकी म्हणजे तेलाचा पातळ थर असतो. सोलापूरच्या धुळीला याहून चांगला गोंद नाही, चार दिवसांत आधीपेक्षा जाड लेप बसतो. शिवाय रबरी होज आणि पट्टे त्याने फुगतात, लवकर खराब होतात. पेट्रोल तर हातातही घेऊ नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचून राहते, आणि शेजारीच बॅटरी असते. संडास धुवायचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, तो विचारही नको.

मग वापरायचं काय? गाडीचा साधा शाम्पू, आणि तेलकट चिकट्यासाठी पाण्यात मिसळायचा डिग्रीझर, तोही ब्रशला लावून. सगळीकडे फवारू नका. एका वेळी वीतभर जागा, लगेच ओल्या फडक्याने पुसायची. फडक्याला जुना सोलापुरी टॉवेल उत्तम, फक्त धागे सुटलेला नको, धागा क्लिपेत अडकतो. बोअरचं पाणी जड असल्याने काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे ठिपके राहतात. काहीजण आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वापरतात, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. शेवटचा हात एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा फिरवा, त्यात क्षार नसल्यातच जमा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळी भुकटी असेल तर आधी काळी, निगेटिव्ह वायर काढा, मग लाल. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं झाल्यावर आधी लाल, शेवटी काळी.

एक जागा जवळजवळ सगळे विसरतात. वायपरखालच्या जाळीत कडुलिंबाचा पाला साचतो आणि पाणी जायची भोकं बुजतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी पायाखालच्या कार्पेटवर येतं आणि माणूस दाराचं रबर बदलत बसतो. हा पाला हातानेच काढा. उंदराचं घरटं सापडलं तर मात्र फुंकू नका, झटकू नका. हातमोजे घालून, जंतुनाशकाने ओलं करून उचला, आणि आसपासच्या वायरी कुरतडल्या आहेत का बघा.

तेलाचा डाग दिसला की पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. डाग कुठून सुरू होतो, वरच्या कव्हरच्या गॅस्केटपाशी की खाली, हे मिस्त्रींना त्यावरून कळतं. आपण आधीच चकाचक केलं तर पुरावाच पुसला. शेवटी चमकीचा स्प्रे मारायचा मोह होतो. प्लॅस्टिकवर फडक्याने थोडा लावा. पट्ट्यावर पडला तर पट्टा सरकून किंचाळतो, एक्झॉस्टवर पडला तर धूर.

एवढं करूनही बिघडलंच तर काय करायचं?

इंजिन थरथरतंय आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, तर लगेच बंद करा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं, आणि तो महाग असतो. कॉइल काढून खड्ड्यात पाणी आहे का पाहा. असेल तर टॉवेलच्या पिळाने टिपून घ्या, वर हवा मारा, पूर्ण वाळल्यावरच कॉइल बसवा. पाणी असताना प्लग मात्र उघडू नका, ते सरळ सिलिंडरमध्ये उतरेल. गाडी चालूच होत नसेल तर स्टार्टर मारत राहू नका, बॅटरी बसेल. बॉनेट उघडं ठेवून दोन-तीन तास उन्हात वाळू द्या, ऊन आपल्याकडे फुकट आहे. चालू झाल्यावर पट्टा थोडा वेळ चिरचिरला तर घाबरू नका, ओला पट्टा वाळला की गप्प होतो. बॅटरीचा लाल दिवा पेटूनच राहिला तर अल्टरनेटर बघावा लागेल, लांबचा प्रवास काढू नका.

त्या रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर रंग नसलेलं पाणी दिसलं तर ते सफाईचं किंवा एसीचं. हिरवट किंवा गुलाबी ओघळ असेल तर तो कूलंटचा, आणि काळपट चिकट ठिपका असेल तर कालचा फोटो घेऊन मिस्त्रींकडे जा.